पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवावे का? बचतीचा हिशोब आणि ठेव मोडण्याचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे आपल्याला स्वतः तपासता येतील. आपला ऑफ-रोड ट्रक पेट्रोलवर चालतो, वर्षाला सुमारे ७,००० किलोमीटर धावतो आणि लिटरला ७ किलोमीटर ॲव्हरेज देतो. इंजिन आता ऑइल खाऊ लागले आहे, त्यामुळे त्याचे काम काढावेच लागणार आहे. आपल्या मेकॅनिकने मात्र त्याऐवजी वापरलेले डिझेल इंजिन बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे; त्यानंतर ॲव्हरेज १० किलोमीटरपर्यंत जाईल आणि खर्च इंधनातूनच वसूल होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. या खर्चाचा एक तृतीयांश भाग कर्जाने आणि उरलेला आपत्कालीन निधीची ठेव मोडून उभा करावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र डिझेल इंजिन वाईट आहे, असे त्याचे कारण नाही. आपल्या ट्रकचे वार्षिक धावणे इतके कमी आहे, की इंधनाची बचत या खर्चाचा भार पेलू शकत नाही.

आपण दिलेला खर्चाचा आकडा मी पैशांऐवजी पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडतो. इंधनाचे भाव हलत राहतात आणि बचतही शेवटी लिटरमध्येच होते, त्यामुळे या पद्धतीत चित्र अधिक स्वच्छ दिसते. मेकॅनिकने सांगितलेल्या रकमेत आपल्याकडच्या भावाने सुमारे ४,५०० लिटर पेट्रोल येते. आज आपल्याला वर्षाला १,००० लिटर पेट्रोल लागते. डिझेल इंजिनाने खरोखरच १० चे ॲव्हरेज दिले, तर ७०० लिटर डिझेल लागेल. दोन्ही इंधनांचा भाव सारखा धरला, तर वर्षाची बचत ३०० लिटरची होते, म्हणजे व्याजाचा विचार न करताही वसुलीला १५ वर्षे लागतात. डिझेल १० टक्के महाग असेल, तर बचत २३० लिटरवर येते आणि ही मुदत जवळपास २० वर्षांची होते. १० टक्के स्वस्त असेल, तर ३७० लिटर वाचतात आणि सुमारे १२ वर्षे लागतात. डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त झाला, तर काहीच वाचत नाही.

डिझेल इंजिन कमी इंधन खाते, हे खरे आहे. त्यात हवेचा दाब अधिक वाढवला जातो, आणि पेट्रोल इंजिनाप्रमाणे थ्रॉटलने, म्हणजे हवेच्या वाटेतील झडपेने, हवा अडवली जात नसल्यामुळे कमी भारावर होणारा तोटा टळतो. शिवाय डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे १० ते १५ टक्के अधिक ऊर्जा असते. लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या सर्वांत हळू गियरांत, तासन्‌तास हळू चालणाऱ्या गाडीला हा फायदा टक्केवारीत अधिक मिळतो, परंतु अशा वाटेवर किलोमीटर फार होत नाहीत. म्हणून आपल्या ट्रकचे डांबरी रस्त्यावरचे आणि आडवाटेवरचे ॲव्हरेज टाकी पूर्ण भरून वेगवेगळे मोजावे, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीवरून काढलेला १० चा आकडा आपल्या ट्रकला तसाच लावू नये, अशी माझी विनंती आहे.

आता खर्चाकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथेच आहे. ४,५०० लिटरच्या अंदाजात इंजिन, ते बसवण्याची मजुरी, माउंटिंग आणि गियरबॉक्सला जोडणारी ॲडॅप्टर प्लेट एवढेच धरलेले आहे. परंतु डिझेल इंजिन जास्त जड असते, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मोठा असल्यामुळे क्लच आणि कधीकधी गियरबॉक्सही पुरेसा ठरत नाही. त्याच्या कमाल फेऱ्या कमी असल्याने पेट्रोलसाठी ठरवलेल्या गियरिंगवर मोकळ्या रस्त्यावर इंजिन ओरडत राहते, आणि हे सुधारण्यासाठी डिफरन्शिअलचे, म्हणजे ॲक्सलमधील गियरजोडीचे, गुणोत्तर बदलायचे, तर फोर व्हील ड्राइव्हमध्ये ते पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलचे बदलावे लागते. थ्रॉटल नसल्यामुळे ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम इंजिनाकडून आपोआप मिळत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप हवाच, आणि हा ब्रेकचा प्रश्न असल्याने तेथे काटकसर करू नये. टाकी स्वच्छ करून परतीची नळी घालणे, पाणी वेगळे करणारा फिल्टर, मोठी बॅटरी, रेडिएटर, टर्बो असल्यास इंटरकूलर, नवीन सायलेन्सर पाइप आणि वायरिंग ही कामेही ओघाने येतात. वापरलेल्या इंजिनाचा फ्युएल पंप आणि इंजेक्टर तपासून घेण्याचा खर्च तर वेगळाच. या सर्वांसाठी एक तृतीयांश वाढ धरणे मला किमान वाटते, म्हणजे एकूण खर्च ६,००० लिटरच्या आसपास जाईल.

या ६,००० लिटरच्या रकमेवर महागाई वजा जाता वर्षाला ४ टक्के उत्पन्न मिळू शकते असे धरले, तर ते २४० लिटरइतके होते. ट्रकची बचत ३०० लिटरची आहे. म्हणजे ठेव तशीच ठेवण्यापेक्षा इंजिन बदलून आपल्याला पहिल्या वर्षी केवळ ६० लिटर अधिक मिळतात, आणि दरवर्षीची ही जादा बचत मुद्दलातून वजा करत गेल्याने पुढच्या वर्षांचे बुडणारे व्याज कमी होत जाते हे धरूनही मुद्दल वसूल व्हायला सुमारे ४१ वर्षे लागतात. कर्जावरील व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा जास्तच असणार, त्यामुळे कर्जाचा भाग मिसळला की चित्र आणखी बिघडते.

येथे एक गोष्ट न्यायाने आपल्या मेकॅनिकच्या बाजूने मांडली पाहिजे. आपले पेट्रोल इंजिन तसेही उतरवावे लागणार आहे, म्हणून तुलना शून्य खर्चाशी करणे योग्य नाही. पेट्रोल इंजिनाच्या पूर्ण ओव्हरहॉलला, म्हणजे ते उघडून संपूर्ण दुरुस्त करण्याला, आपण दिलेल्या अंदाजाप्रमाणे २,००० लिटरइतका खर्च येईल. तेव्हा डिझेलसाठीचा जादा खर्च ४,००० लिटरचा ठरतो. त्याच ४ टक्क्यांनी हिशोब केला, तर वसुलीची मुदत १९ वर्षांच्या थोडी पुढे जाते. हाच ट्रक वर्षाला २१,००० किलोमीटर धावत असता, तर बचत ९०० लिटरची झाली असती आणि जादा खर्च ५ वर्षांत भरून निघाला असता. तेव्हा मी आपल्याला डिझेलचीच शिफारस केली असती. येत्या काळात कामासाठी ट्रकचे धावणे खरोखर वाढणार असेल, तर मला पुन्हा अवश्य लिहावे.

पुनर्विक्रीची बाजूही पाहावी. गॅरेजमध्ये बदललेल्या इंजिनासाठी खर्च केलेली रक्कम पुढचा गिऱ्हाईक सहसा मोजत नाही. सुटे भाग कोणते मागवायचे, या शंकेने तो भाव उतरवूनच मागतो. शिवाय जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध पेट्रोलपेक्षा कडक असू शकतात. लंडनच्या अतिअल्प उत्सर्जन क्षेत्रात रोजचे शुल्क टाळायचे असेल, तर पेट्रोल गाडीला युरो ४ हे धुराचे मानक पुरते, डिझेल गाडीला मात्र युरो ६ लागते. म्हणून आपला ट्रक विकून कारखान्यातूनच डिझेल इंजिनासह आलेले तेच मॉडेल घेतल्यास वर किती रक्कम घालावी लागेल, हे आधी विचारून घ्यावे. अनेक ऑफ-रोड मॉडेल दोन्ही इंजिनांत निघालेली आहेत, आणि हा फरक ४,००० लिटरपेक्षा कमी असेल, तर गॅरेजचा मार्ग मागे पडतो. बदलच करायचा झाला, तर अपघातात निकामी झालेली त्याच मॉडेलची पूर्ण डिझेल गाडी घेणे सुट्या इंजिनापेक्षा बरे, कारण गियरबॉक्स, वायरिंग, रेडिएटर आणि माउंटिंग एकमेकांना जुळणारे मिळतात व उरलेले भाग विकता येतात.

आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की, एका टाकीत लांबचा पल्ला गाठता यावा आणि चढावर कमी फेऱ्यांवर जोर मिळावा, ही आपली जुनी इच्छा आहे. ही इच्छा मला पूर्णपणे मान्य आहे. निर्जन वाटेवर त्याच टाकीत ४० टक्के जास्त अंतर जाता येणे ही सुरक्षिततेची बाब आहे, आणि पेट्रोलइतके सहज पेट न घेणारे इंधन सोबत नेणे हीसुद्धा आहे. परंतु मग हा खर्च आवडीचा म्हणून मांडावा आणि आवडीच्याच पैशांतून करावा. आपला आपत्कालीन निधी आज ८ महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे आणि आपल्या योजनेनंतर तो ३ महिन्यांवर येईल. घरात कमावणारी एकच व्यक्ती असताना मी याला संमती देऊ शकत नाही. मला सर्वांत जास्त भीती अर्धवट राहिलेल्या कामाची वाटते: पैसे मध्येच संपले, तर गॅरेजमध्ये इंजिनाविना उभ्या असलेल्या ट्रकला भाव येत नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

म्हणून माझा सल्ला असा, की आता पेट्रोल इंजिनाचे ओव्हरहॉल करून घ्यावे, त्याचे २,००० लिटर निधीतून घ्यावेत आणि पुढच्या वर्षभरात ते प्रथम भरून काढावेत. त्यानंतर कर्जासाठी जो हप्ता आपण भरणार होता, तोच दरमहा वेगळ्या खात्यात टाकत राहावा. ६,००० लिटरची पूर्ण रक्कम त्या खात्यात जमली आणि इच्छा तेव्हाही तितकीच असली, तर डिझेलकडे निर्धास्तपणे वळावे. त्या वेळी मेकॅनिकला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मिळवाव्यात: इंजिन व इंधनाचा प्रकार बदलण्यास वाहन नोंदणी कार्यालयाची परवानगी, आणि बदललेल्या गाडीचा विमा कोणत्या हप्त्यावर चालू राहील याबद्दल विमा कंपनीचे पत्र. न कळवता इंजिन बदलल्याच्या कारणावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तसा एक नाकारलेला दावा या पत्रातील सर्व लिटरांपेक्षा महाग पडू शकतो.