ऑडिओ नाटकात देवळाचा आवाज आणायला कुठला आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एखाद्या जागेच्या घुमाऱ्याचा टिपलेला ठसा) वापरावा? सध्या चर्चचा लावलाय, पण जमत नाही.

तो चर्चचा आधी काढा.

6 वर्षांपूर्वी मी एका स्टुडिओत कामाला होतो. कोकणातल्या गावाची श्राव्य मालिका, कीर्तनाचा प्रसंग. वरिष्ठांनी युरोपातल्या कुठल्याशा कॅथेड्रलचा आयआर लावला, घुमाऱ्याची 6 सेकंदांची शेपटी. मी म्हटलं, सर, आपल्या देवळात असं घुमत नाही. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा, वर कौलं, आवाज बाहेर निघून जातो. घुमतो तो गाभारा, तोही थोडाच वेळ, पण खर्जात, छातीत जाणवेल असा. "ऐकणाऱ्याला काय कळतंय?" एवढंच उत्तर मिळालं.

आपल्या देवळाचाच आयआर टिपायला रजा टाकून गावी गेलो. नैवेद्य झाल्यावर गुरवकाकांनी देऊळ मोकळं करून दिलं. श्रोते बसतात तिथे रेकॉर्डर, बुवा उभे राहतात तिथे फुगा; तो फोडायचा आणि मागचा घुमारा टिपायचा. पहिला फुटला आणि वरची पितळी घंटाच गुणगुणली. ती गुणगुण प्रत्येक शब्दामागे चिकटली असती. काकांनी खांद्यावरचं उपरणं काढून घंटेला गुंडाळलं. दुसऱ्या फुग्याला कबुतरं उडाली. सहावा कामी आला. गाभाऱ्यातला फुगा काकांनीच फोडला, मी उंबऱ्याबाहेर माइक धरून.

स्टुडिओत सगळे फुग्यांवर हसले. अहो, इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा सुमारे 11 सेकंदांचा घुमारा स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2010 साली फुगे फोडूनच टिपलाय! मालिका शेवटी कॅथेड्रलमध्येच गेली. पहिला भाग ऐकून आत्याने विचारलं, "कीर्तन बोगद्यात ठेवलंय का रे?" ऐकणाऱ्याला कळतं.

तुम्ही संवाद जवळून आणि कोरडे घ्या. खोलीचा घुमारा आत शिरला की त्यावर देऊळ बसत नाही. रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) सेंडवर, म्हणजे सगळे आवाज हवे तेवढे पाठवता येतील अशा वेगळ्या सामायिक ट्रॅकवर ठेवा आणि आयआरच्या सुरुवातीचा थेट फटका कापा, नाहीतर संवाद दुहेरी वाटतो. टाळ, घंटा, कुणाचा खोकला, सगळं त्याच सेंडवर.

फुग्यात खर्ज कमी पडतो, हे खरं. बरा स्पीकर नेता आला तर साइन स्वीप (खर्जापासून वरपर्यंत सलग चढत जाणारा सूर) वाजवा. आणि आयआर एकाच जागेचा असतो, पात्र गाभाऱ्यातून मंडपात येत असेल तर दोन घ्या आणि एकातून दुसऱ्यात फेड करा. गाण्याला साधा प्लेट रिव्हर्बही (धातूच्या पत्र्यासारखा कृत्रिम घुमारा) चालेल, तिथे माझा हट्ट नाही.

मंडप आणि गाभारा, दोन्ही आयआर माझ्याकडे आहेत. हवे असतील तर सांगा, पाठवतो.