पेद्रो इन्फान्ते यांचे मोठेपण केवळ आवाजात शोधू नये

मेक्सिकन गायक-नट होर्खे नेग्रेते यांच्यापुढे त्यांचे समकालीन गायक-नट पेद्रो इन्फान्ते यांचा आवाज लहान वाटतो, तरीही मेक्सिकोत इन्फान्ते यांच्यावर लोकांचा जीव अधिक का, असे आपण विचारले आहे. आपले निरीक्षण बरोबर आहे. नेग्रेते ऑपेराच्या तालमीत तयार झालेले होते आणि त्यांचा स्वर सभागृह भरून टाकत असे. इन्फान्ते यांनी त्या वाटेला जाण्याचा हट्ट फार काळ धरला नाही, हेच त्यांच्या पथ्यावर पडले, असे माझे मत आहे.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९१७ रोजी सिनालोआ प्रांतातील मासात्लान येथे झाला आणि बालपण ग्वामुचिल गावात गेले. वडील वादक होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने मुलगा सुतारकाम शिकला, आणि पहिली गिटार त्याने स्वतःच घडवली, असे सांगतात. १९३९ मध्ये पत्नी मारिया लुईसा लेओन यांच्या आग्रहावरून ते राजधानीत आले, रेडिओवर गाऊ लागले, आणि १९४३ मध्ये पीअरलेस कंपनीने त्यांचे ध्वनिमुद्रण सुरू केले.

खरी कलाटणी मिळाली ती दिग्दर्शक इस्माएल रोद्रिगेस यांच्यामुळे. ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’ (१९४८) या चित्रपटात इन्फान्ते गरीब वस्तीतला सुतार पेपे एल तोरो झाले. रंधा हातात कसा धरावा हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. ‘आमोरसितो कोरासोन’ या गाण्यात ते प्रेयसीशी बोलावे तसे गातात, मधूनच शीळ घालतात, आणि गाणे संवादाला लागूनच आल्यासारखे वाटते. पुढच्या ‘उस्तेदेस लोस रिकोस’मध्ये आगीत गेलेल्या लहानग्या मुलाला कवटाळून हसणे आणि रडणे एकमेकांत मिसळणारा प्रसंग आहे, अतिरंजित म्हणावा असा, पण इन्फान्ते तो ज्या ताकदीने पेलतात, ती ताकद त्या काळच्या मोजक्याच गायक-नटांकडे होती.

दोघांची तुलनाच करायची असेल, तर ‘दोस तिपोस दे कुईदादो’ हा दोघांचा चित्रपट अवश्य पाहावा. भर मेजवानीत दोघे एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात, थेट आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखे. नेग्रेते कडवे फेकतात, तर इन्फान्ते भुवई उंचावून, चेहऱ्यावर मिस्कील भाव ठेवून उत्तर देतात. हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, नेग्रेते वारले.

इन्फान्ते यांना विमान चालवण्याचे वेड होते. १९४९ च्या अपघातात डोक्याला गंभीर इजा होऊन कवटीत धातूची पट्टी बसवावी लागली, तरी त्यांनी उड्डाण सोडले नाही. १५ एप्रिल १९५७ रोजी मेक्सिकोतील मेरिदा शहरातून निघालेले, ते ज्यात होते ते मालवाहू विमान शहरातच कोसळले आणि ते वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘तिसोक’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे रौप्य अस्वल मिळाले. (माझ्या मते तो त्यांचा उत्तम चित्रपट नव्हे, भोळ्या आदिवासी तरुणाचे ते चित्रण आज खटकते.)

इन्फान्ते यांचे गाणे त्यांच्या अभिनयापासून वेगळे काढता येत नाही, त्यामुळे नुसत्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांच्याविषयी मत बनवू नये. दर १५ एप्रिलला मेक्सिको सिटीतील पांतेओन खार्दिन दफनभूमीत जमणाऱ्या चाहत्यांना त्यांच्या गाण्यांबरोबर पेपे एल तोरोचे संवादही पाठ असतात. आपण सुरुवात ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’पासूनच करावी.