रायफलीचा दस्ता चिकट का राहतो?

प्रश्न : जुन्या रायफलीच्या अक्रोडी दस्त्याचं पॉलिश काढून जवसाचं तेल लावलं. आठवडा झाला तरी हात चिकटतो, खळगेही तसेच आहेत. काय चुकलं?

उत्तर : तेल जास्त झालं, किंवा ते कच्चं होतं. कच्चं जवसतेल वाळायला आठवडे लागतात; रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल साधारण दिवसभरात वाळतं. चिकट थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्ता सुटा करा. आता खळगे. तंतू तुटले नसतील, फक्त दबले असतील, तर ओलं सुती फडकं ठेवून वर गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफेने लाकूड फुगून वर येतं. दोन-तीनदा करावं लागतं. खळगा घासून सपाट करू नका! तिथलं लाकूड खाली जातं, धातूची कड वर उरते आणि जुने शिक्केही पुसले जातात.

लाकूड पूर्ण वाळलं की २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवा. ओल्या फडक्याने पुसा, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर ३२० ने काढा.

पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. पुढचे हात नुसत्या तेलाचे, तळहाताने चोळून, अगदी पातळ. पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसायचं. दोन हातांमध्ये २४ तास. पाच-सहा हात पुरतात.

तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.