फ्रंकमध्ये ठेवलेली द्राक्षं कोमट का होतात?

प्रश्न: नाशिकहून मुंबईला ताईकडे द्राक्षं नेली, पेटी ईव्हीच्या (इलेक्ट्रिक गाडीच्या) पुढच्या डिकीत म्हणजे फ्रंकमध्ये होती, वाटेत फास्ट चार्जिंग केलं आणि पोचल्यावर बघतो तर द्राक्षं कोमट! इंजिनच नाही मग उष्णता कुठून आली, बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही हो, घाबरू नका. रेडिएटर, एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर पुढेच असतात, बऱ्याच गाड्यांत मोटर आणि इन्व्हर्टरपण (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग), आणि फास्ट चार्जिंगला बॅटरी तापली की तिला थंड करायला एसीचा कॉम्प्रेसर जोरात चालतो, ती गरम हवा बॉनेटखाली घुटमळते कारण गाडी उभी, वारा नाही. त्यात एप्रिलचं ऊन असेल तर बघायलाच नको. द्राक्षं केबिनमध्ये एसीत ठेवा. आणि घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर ते फ्रंकमध्ये अजिबात नको, न उघडलेल्याला २ ते ८ अंश लागतात, हे मी कळकळीने सांगतोय.