'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट पाहिलेत, पण पुस्तक शंभर पानांतच अडकतं. कसं वाचावं?

प्रस्तावनेपासून सुरुवात केली असेल तर तिथेच दमछाक होते. हॉबिट लोकांच्या चालीरीती आणि त्यांच्या तंबाखूचा इतिहास नंतर वाचा, आधी थेट बिल्बोच्या वाढदिवसावर या. चित्रपटातली घाई इथे नाही. मेजवानीनंतर फ्रोडो घर सोडेपर्यंत तब्बल १७ वर्षं जातात, निघताना तो पन्नाशीचा असतो.

बरेच जण गळतात ते पहिल्या भागाच्या सहा ते आठ या प्रकरणांत. टॉम बॉम्बॅडिलची बडबडगाणी तिथलीच. चित्रपटांचा दिग्दर्शक पीटर जॅक्सनने हा तुकडा सरळ उडवला. गाणी चाळलीत तरी चालेल, पण आठवं प्रकरण सोडू नका. थडग्यातून मेरीला जो खंजीर मिळतो, तोच पुढे नाझगुलांच्या, म्हणजे सॉरॉनच्या काळ्या स्वारांच्या, म्होरक्याचं संरक्षण भेदतो. चित्रपटात खंजिराचा हा धागाच नाही, त्यामुळे मेरीचा वार नुसता नशिबाचा वाटतो.

खंड तीन असले (१९५४-५५) तरी आत भाग सहा आहेत. तिसरा अ‍ॅरागॉर्न मंडळींचा, चौथा फ्रोडो-सॅमचा. चित्रपटात हे आलटून पालटून येतं म्हणून तसं वाचायला जाऊ नका, सगळी मजा जाईल. चौथा भाग संपतो तेव्हा फ्रोडो शत्रूच्या हाती लागलेला असतो आणि अख्ख्या पाचव्या भागात त्याची खबरबात नसते. मग काळ्या दरवाजापाशी सॉरॉनचा दूत त्याचा मिथ्रिलचा अंगरखा काढून दाखवतो, तेव्हा गँडाल्फइतकाच वाचकही हादरतो. तिसऱ्या चित्रपटाच्या लांब आवृत्तीत हा प्रसंग आहे, पण तोवर सॅमने फ्रोडोला सोडवलेलं आपण पाहिलेलं असतं. फ्रोडो कैदेत असल्याची धमकी पोकळ आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक!

बाकी फरक तुम्हाला दिसतीलच. हेल्म्स डीपला एल्फांची फौज येत नाही, फॅरामिर फ्रोडोला ऑस्गिलिआथला फरफटत नेत नाही (हा बदल मला अजूनही पटत नाही). अंगठी नष्ट झाली की पुस्तक मिटू नका, अजून सहा प्रकरणं उरतात. सारुमनचा खरा शेवट त्यातच, तोही शायरमध्ये. आर्वेनसाठी मात्र परिशिष्ट 'अ' उघडावं लागेल, तिची गोष्ट मुख्य कथेत जेमतेम आहे.

इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' बघा.