रोलर फिरवला, आता वरून लगेच काय लावू?

(वाचकांचे प्रश्न, त्वचातज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वय २९, सांगलीला असतो. डोक्यावरचे केस विरळ झालेत म्हणून ५ टक्केवालं मिनॉक्सिडिल लावतो. मित्र म्हणाला आधी डर्मारोलर (बारीक सुयांचा छोटा रोलर) फिरव आणि लगेच वरून लोशन लाव, डबल आत जातं. मग काय, १.५ एमएमचा रोलर ऑनलाइन मागवला, रविवारी रक्ताचे ठिपके येईपर्यंत फिरवला आणि लोशन ओतलं. नुसती आग आग झाली, अर्ध्या तासात छातीत धडधड, उठलो तर गरगरलं. रोलर खराब निघाला का?

उत्तर : अहो रोलर खराब नाही, त्यानं त्याचं काम जरा जास्तच इमानदारीत केलंय. आपल्या कातडीवर सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा एक थर असतो, जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण औषधांना अडवणारा खरा वॉचमन तोच. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू तो सहसा आत सोडतच नाही. मिनॉक्सिडिल त्यामानानं बारकं, २०९ च्या आसपास, तरी नेहमीसारखं लावलं तर त्यातलं दीडेक टक्काच रक्तात पोचतं आणि रोज किती लावायचं हे त्या हिशोबानंच ठरलंय. आणि हे औषध मुळात बीपीची गोळी म्हणून आलेलं, रक्तवाहिन्या सैल करणारं, हे लोक विसरतातच! तुम्ही १.५ एमएम खोल भोकं पाडलीत, म्हणजे वॉचमनला हटवून थेट रक्तवाहिन्यांपर्यंत रस्ता केलात, मग धडधडणार, गरगरणार, ते औषधाचंच असणार असं मला वाटतं. आग झाली ती लोशनमधल्या अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे.

आता मित्राचं बोलणं अगदीच हवेतलं नाहीये हां. मुंबईत सायन हॉस्पिटलच्या त्वचा विभागातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये १०० पुरुषांवरचा अभ्यास छापला होता, निम्म्यांना नुसतं मिनॉक्सिडिल, निम्म्यांना त्यासोबत आठवड्याला एकदा १.५ एमएमचा रोलर, आणि १२ आठवड्यांनी मोजलेल्या जागेत रोलरवाल्यांचे केस सरासरी ९१ नं वाढले, नुसत्या लोशनवाल्यांचे २२ नं. अभ्यास छोटा आहे, पण फरक डोळ्यात भरण्यासारखा. गंमत अशी की त्यात रोलरच्या दिवशी लोशन बंद होतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू. मित्रानं नेमकी हीच ओळ गाळली. भोकं साधारण दिवसभरात बुजत येतात, त्यामुळे तिथे झालेला फायदा ‘डबल आत गेल्याचा’ होता की टोचल्यावर कातडी भरून येताना केसांच्या मुळांना जी चालना मिळते तिचा, यावर आमच्यातही वाद आहेत.

तुम्ही सध्या दोन्ही थांबवा, एकदा बीपी आणि ईसीजी करून घ्या, धडधड परत झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि तो रोलर घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका, रक्त लागलेली वस्तू आहे ती.

प्रश्न : पार्लरवाल्या मॅडम सांगतात त्याप्रमाणे तिथेच रोलर करून वर व्हिटॅमिन सी सीरम लावलं, तीन आठवडे झाले, गालावर लालसर गाठी आहेत, जात नाहीत. सीरम तर महागातलं होतं. (ठाणे)

उत्तर : महाग असो नाहीतर स्वस्त, ताई, ते कातडीच्या वर बसायला बनवलेलं असतं, त्यातला सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह यातलं काहीच आत टोचायला म्हणून तपासलेलं नसतं. रोलरनंतर अशा गाठी आलेल्या तीन बायकांची नोंद अमेरिकेत २०१४ मध्ये छापून आली होती, शरीर त्या परक्या कणांभोवती जणू कुंपण घालतं आणि मग ते महिनोन् महिने रेंगाळतं. आता त्याच्यावर हळद, बेसन, नवीन क्रीम काही चोळू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, बायोप्सी सांगितली तर घाबरू नका, छोटा तुकडा असतो.

प्रश्न : तुम्ही लोक म्हणता वरून लगेच काही लावू नका, मग माझ्या मुलीच्या भाजलेल्या हातावरच्या जाड वणावर डॉक्टर लेझर मारून त्याच मिनिटाला औषध कसं काय ओततात? (कोल्हापूर)

उत्तर : बरोबर पकडलंत! पण तिथे औषध वेगळं आहे. फ्रॅक्शनल सीओटू लेझर वणात केसाएवढ्या बारीक उभ्या विहिरी पाडतो, आणि वरून सोडतात ते ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड असतं, मूळचं इंजेक्शनचं, निर्जंतुक, शरीरात जायलाच बनवलेलं. जाड वणात सुई घुसवायला जोर लागतो, लेकरू कळवळतं, आणि औषध एकाच जागी साचतं, लेझरनं ते पसरून उतरतं. भोकं ताजी असतानाच जास्त जातं म्हणून ती घाई. फक्त आपल्या सावळ्या कातडीवर लेझरनंतर काळे डाग पडू शकतात, तेव्हा ऊन टाळा आणि सेटिंग हळू ठेवलंय ना हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

प्रश्न : लेझरनं पायाचे केस काढायचेत. सेंटरवाले म्हणतात घरूनच दोन्ही पायांना बधिर करायचं क्रीम लावून वर किचनमधली क्लिंग फिल्म गुंडाळून या. चालेल?

उत्तर : अजिबात नाही. प्लॅस्टिक गुंडाळलं की कातडी ओली, गरम होते आणि क्रीम कितीतरी जास्त आत जातं, मशीन न लावताच. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुली अशाच, पायाला स्ट्राँग बधिर क्रीम फासून आणि वर गुंडाळून लेझरला निघालेल्या असताना फिट येऊन कोमात गेल्या आणि पुढे दगावल्या, त्यानंतर २००७ मध्ये तिथल्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं) जाहीर इशारा दिला. क्रीममधलं बधिर करणारं औषध, लिडोकेन, जास्त रक्तात गेलं की फिट येते, हृदयाचे ठोके बिघडतात. थोड्या जागेपुरतं, डॉक्टरांनी मोजून दिलेलं, त्यांच्या समोर लावा. नाहीतर बर्फानं भागतंय का बघा, बऱ्याच जणींचं भागतं.