पैसे देण्याआधी गाडीखाली झोपा

अमेरिकेत जुनी गाडी घ्यायचीय, दोनपैकी कोणती घेऊ, असं तुम्ही इथे विचारलंय. तुमच्यापुढे दोन गाड्या आहेत. एक जन्मभर मिशिगनमध्येच, म्हणजे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ ओततात त्या राज्यात, फिरलेली 2012ची सेडान: 90 हजार मैल, साडेचार हजार डॉलर, इंजिन ठणठणीत, फक्त मागच्या चाकावरच्या कमानीत रंगाला ‘दोन-चार फुगे’. दुसरी टेक्सासहून, म्हणजे रस्त्यावर मीठ क्वचितच पडतं अशा उबदार राज्यातून, आलेली, दीड लाख मैल झालेली आणि वर पाचशे डॉलर महाग. मैल कमी म्हणून तुमचा जीव पहिलीवर जडलाय.

मी असतो तर पहिलीवर एक डॉलरही टेकवला नसता. निदान ती खालून बघितल्याशिवाय तरी नाहीच.

आधी त्या फुग्यांचं बघू. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा खातो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. म्हणजे तुम्हाला जो फुगा दिसतोय तो बाहेरून आत शिरलेला नाही, आतून बाहेर आलाय. चाकाच्या कमानीत दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले असतात. त्या घडीत चाकाने उडवलेला मिठाचा चिखल जाऊन बसतो आणि आत कित्येक दिवस ओल धरून राहतो. अंगठ्याने जरा दाबून बघा. कुरकुर आवाज येऊन खारीसारखे पापुद्रे सुटले, तर तिथे पत्रा उरलेलाच नाही, फक्त रंग आणि सवय. विकणाऱ्याने लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) भरून रंग मारला असेल तर हेही दिसणार नाही. तेव्हा एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा, लांबीवर ते चिकटत नाही.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज आणि स्कूटर खाल्लेल्या लहानपणापासून बघितल्या आहेत, त्यामुळे गंज म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये असं वाटायचं. इथे मिशिगनला आलो आणि कळलं की आपल्याकडे मीठ वाऱ्यावर येतं, इथे ते ट्रकने ओततात. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे 1200 फूट खोल मिठाची खाण आहे, शंभरावर वर्षं जुनी. तिथलं मीठ रस्त्यावर जातं आणि रस्त्यावरून आपल्या गाडीच्या पोटात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो म्हणून बर्फ वितळतो. पण साधं मीठ साधारण उणे 9 सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही, मग त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. ही मंडळी हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे पत्र्यावरचा थर धड सुकतच नाही. आणि गंजायला ओलावा, हवा आणि वीज वाहून नेणारं खारं पाणी मिळालं की आणखी काय हवं? नोव्हेंबरात रस्त्यावर रांगोळीच्या रेघा ओढल्यासारखे पांढरे पट्टे दिसले की समजा, बर्फ येण्याआधीच मिठाचं पाणी मारून गेलेत.

आता खरा मुद्दा. कमानीतलं भोक कुरूप दिसतं, पण त्याने कोणी मरत नाही. मारतात त्या ब्रेकच्या नळ्या.

माझी इथली पहिली गाडी अकरा वर्षांची होती. वरून चकाचक, मी तर आईला फोटोही पाठवले होते. मार्च महिना, किराणा दुकानाचं पार्किंग, वेग असेल दहा-बारा मैलांचा. ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढला, समोरच्या ट्रॉल्यांच्या रांगेला हलकी धडक बसली आणि थांबलो. गाडीखाली तेलकट डाग पसरत होता. मेकॅनिकने गाडी वर उचलली, पेट्रोलच्या टाकीवरून जाणारी नळी चिमटीत धरली आणि वाळकी शेवग्याची शेंग मोडावी तशी मोडून माझ्या हातात ठेवली. ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा थोडा साथ देतो, म्हणून तेवढ्यावर निभावलं. हायवेवर असतो तर हे लिहायला नसतो. नंतर तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी टाकून घेतली, तिला असा गंज चढत नाही. तुम्हालाही कधी बदलायची वेळ आली तर तीच मागा, साधी पोलादी नको.

हा माझ्या एकट्याचा दुर्दैवी किस्सा नाही. अमेरिकेच्या सरकारी वाहनसुरक्षा खात्याने जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या सडलेल्या ब्रेक-नळ्यांची मोठी चौकशी केली आणि 2015मध्ये ती बंद केली. गाड्या परत बोलावायला लावल्या नाहीत. मिठाच्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी खालून धुवत राहा आणि नळ्या तपासून घ्या, असा सल्ला दिला. थोडक्यात, तुमचं तुम्ही बघा. त्यात मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे त्या सेडानच्या खाली इतक्या वर्षांत कोणी डोकावलंच नसेल, असंही होऊ शकतं.

नावाजलेली कंपनी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा, सेक्वोया गाड्यांच्या चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) सडल्याच्या खटल्यात 2016मध्ये तडजोड झाली, ती सुमारे 15 लाख गाड्यांची होती.

तेव्हा विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून घ्या. शे-दीडशे डॉलर जातील, जाऊ देत. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांचे भाग धरणारी चौकट), स्प्रिंग बसतात त्या जागा आणि दाराखालचा लांब पट्टा एवढं बघायला सांगा. खालून सगळं ताजं काळंभोर रंगवलेलं दिसलं तर खूश होऊ नका. माझ्या एका मित्राने असाच ‘नुकतंच कोटिंग केलंय’ म्हणून ट्रक घेतला. महिन्याभराने चॅसीला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत.

टेक्सासवालीचं इंजिन जास्त पळालंय हे खरं, पण इंजिनाचे भाग बदलता येतात, कुजलेली चॅसी नाही. तिच्याबाबतीत मात्र दुसरी भीती आहे, पुराची. 2017च्या हार्वे वादळात तिकडे गाड्या ढिगाने बुडाल्या होत्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का. गाडी कोणकोणत्या राज्यांत नोंदली गेली तेही इतिहासाच्या अहवालातून काढा. टेक्सासची म्हणून विकायची आणि मधली सहा वर्षं मिठाच्याच ओहायो राज्यात, असले प्रकार मी पाहिलेत.

‘हिवाळ्यात गाडी धुवून काय उपयोग, पाणी गोठेल’ हेही तुम्ही विचारलंय. उपयोग आहे. पारा शून्याच्या वर गेला की त्या दिवशी जा आणि खालून फवारा मारणारीच धुलाई घ्या. परतताना दारांचे रबर पुसा, नाहीतर सकाळी दार उघडणार नाही. ऑक्टोबरात लोकरीच्या मेणापासून बनवलेलं तेलकट फवारा-द्रव्य खालून मारून घ्यायचं, दरवर्षी. आठवडाभर गाडीला ओल्या मेंढीचा वास येतो, सहन करा. नव्या गाडीला आपल्याकडे डीलर गळ्यात मारतात तसलं जाड काळं रबरी कोटिंग जुन्या गाडीला मात्र नको. आतली ओल कोंडली जाते आणि गंज निवांत काम करतो. आणि गरम गॅरेज मिळालं म्हणून हुरळू नका. कडाक्याच्या थंडीत बाहेर उभ्या गाडीवर गंजाचा वेग मंदावतो, उबेत मात्र खारा बर्फ वितळून रात्रभर ठिबकत राहतो.

शनिवारी सेडान बघायला जाणारच असाल तर टॉर्च आणि जुनी चादर न्या. मालक ‘खाली कशाला झोपताय’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. झोपू दिलं, तर मागच्या दोन चाकांच्या मधले फोटो काढून इथे टाका, नळ्यांचे जवळून. रविवारी सकाळी बघून सांगतो.